फांद्या उभ्या आहेत

गुरुवार, २८ ऑगस्ट १९८६

पोचले एकदाची, आणि काय सांगू, शाळेच्या सहलीला निघालेल्या पोरीसारखी खूश आहे. ओहोटी दुपारी एकला होती. ज्याची जागा मी घेतेय त्या जुन्या ड्रायव्हरने ट्रॅक्टरबस भर वाळूत थांबवली, मला पुढे बसवलं आणि म्हणाला की आता तूच ने, मी मागे डुलकी काढतो. एस्बियर्ग शहराच्या रस्त्यांवर तीस वर्षं बस हाकली. पण पुढे ट्रॅक्टर, मागे छातीएवढ्या चाकांचा डबा, खाली ओली वाळू आणि दोन्ही बाजूंना समुद्र माघारी गेलेला, ही मजा वेगळीच. साडेपाच किलोमीटरची वाट. खुणेला नुसत्या फांद्या, वाळूत रोवलेल्या, एकीपासून पुढची दिसेल एवढ्या अंतरावर. मधोमध काळा पाट लागतो. ओहोटीतही तिथे गुडघाभर पाणी असतं, आणि वाट सोडून डावीकडे दहा पावलं गेलं तर तळ लागत नाही. तिथे मी ट्रॅक्टर अगदी हळू घेतला.

हाल्सो बेट म्हणजे बांधाच्या आत ठेवलेली एक थाळी. चाळीस माणसं, सहाशे मेंढ्या, आणि सगळ्यात उंच जागा म्हणजे चर्चचं टेकाड, तेही एका दमात चढून होतं. ड्रायव्हरला मिळणारं घर, म्हणजे आता माझं, बांधाला लागून आहे. चूल चांगली पेटते. दुकानदारीण अनीने बूल हिने राय धान्याचा पाव, धुरावलेले मासे आणि लोण्याचा गोळा आणून दिला, पैसे नंतर दे म्हणाली. पंचेचाळिशीची असेल. सतत हातात विणकाम, हिरवी लोकर. माझ्या तोंडाकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. टपालही तिच्याच दुकानात वाटलं जातं. पलीकडच्या किनाऱ्यावरून पिशवी आणायची जबाबदारी माझी.

आता खरं लिहिते, कारण या वहीशी खोटं बोलायला मी आलेली नाही. मी गुनवोर टॉफ्ट, हे आडनाव नवऱ्याचं, म्हणून इथे कोणी ओळखलं नाही. एस्किल माझा धाकटा भाऊ. तो या बेटाचा टपालवाला होता, रोज पायी वाळू ओलांडायचा. ११ नोव्हेंबर १९५९ ला धुक्यात तो काळ्या पाटात गेला. चोवीस वर्षांचा होता. नवव्या दिवशी सापडला तेव्हा पिशवी खांद्यालाच होती. बेटाने पोलिसांना सांगितलं की तो प्यायलेला होता. आमच्या बापाने सगळ्या घराच्या वाटणीची पिऊन ठेवली होती, म्हणून एस्किल बिअरच्या ग्लासाला हात लावत नसे. ही नोकरी मी मागून घेतली आहे. कोण खोटं बोललं ते मला हवंय, आणि मग त्याचं वाटोळं झालेलं बघायचंय.

रविवार, ३१ ऑगस्ट

चर्चला गेले. देवासाठी नाही, फळीसाठी. दाराशी काळी फळी आहे, तीनशे वर्षांत समुद्राने नेलेल्या माणसांची नावं तिच्यावर पांढऱ्या रंगात लिहिलेली. १९५१ चं एक नाव आहे, मग एकदम १९६३ चं. एस्किल नाही.

चर्चची देखभाल करणारा ओलुफ नावाचा म्हातारा ही नावं रंगवतो. मी आपलं भोळं तोंड करून विचारलं की एकोणसाठ साली कोणी गेलं होतं असं ऐकलं. तो चाव्यांचा जुडगा खुळखुळवत म्हणाला, "फळी समुद्राने नेलेल्यांची आहे, बाई. झिंगून पाण्यात चालत गेलेल्यांची नाही. मी स्वतः पोलिसांना सांगितलं, तोंडाला वास येत होता म्हणून."

नऊ दिवस पाण्यात पडलेल्या माणसाच्या तोंडाचा वास! मी त्याचे आभार मानले. घरी येऊन बटाटे सोलत बसले आणि भानावर आले तेव्हा बटाट्याचं सुपारीएवढं काहीतरी हातात उरलं होतं.

एक नाव तर मिळालं.

शनिवार, १३ सप्टेंबर

आज फांद्या लावायचा दिवस. गेल्या वर्षीच्या फांद्या हिवाळ्यात कुजतात, म्हणून दर सप्टेंबरात नव्या रोवतात. नऊ घरं, वाटेचे नऊ तुकडे, ज्याचा तुकडा त्याने सांभाळायचा. काळ्या पाटाचा तुकडा लाउस्ट क्रोचा. लाउस्ट ऐंशीचा आहे, आवाज मात्र तिशीतला. मला "ड्रायव्हरीणबाई" म्हणतो आणि दर वेळी त्यावर स्वतःच हसतो. ट्रॅक्टर चालवणारी बाई पाहिल्यापासून आमच्या मेंढ्या दूध देईनाशा झाल्या, म्हणाला. मी म्हटलं, मेंढ्यांचं सोड, तुझी दाढी दोन दिवस झालेली नाही. सगळे हसले.

नियम एकच. नवी फांदी शेजारी रोवल्याशिवाय जुनी उपटायची नाही. वाट क्षणभरही उघडी पडता कामा नये. लाउस्टने बोलता बोलता जुनी आधी उपटली आणि नवी घ्यायला वळला. अनीनेने फावडं खाली टाकलं.

"आधी नवी, मग जुनी," ती म्हणाली. "तुला अजून कळलं नाही का, लाउस्ट?"

ओरडली नाही ती. पण सगळ्यांचे हात थांबले. लाउस्टने मुकाट्याने जुनी फांदी पुन्हा त्याच भोकात घातली. कोणी कोणाकडे बघेना.

परतताना मी मागे राहिले. पाटाकाठच्या पहिल्या फांदीला हिरव्या लोकरीचा एक धागा बांधलेला दिसला. कोणी बांधला, का बांधला, विचारलं नाही. माझं सगळं लक्ष लाउस्टच्या मानेकडे होतं.

शनिवार, ४ ऑक्टोबर

लाउस्टची बायको मारेन, तिचा वाढदिवस. दारात झेंडा, टेबलावर इथल्या रिवाजाप्रमाणे सात मऊ आणि सात कडक केक, रायच्या पावाचा थरांचा केक मधोमध. मलाही बोलावणं होतं. तीनच्या ठोक्याला सगळे बसले. कॉफीत स्नॅप्सची दारू ओतून झाल्यावर कोणीतरी म्हणालं की लाउस्ट, नव्या ड्रायव्हरला टपालवाल्याची गोष्ट सांग. म्हणजे ही गोष्ट दर वर्षी सांगितली जाते. हसण्यासाठी.

मी केक कापत होते. लाउस्टने सांगितलं की त्या दिवशी त्याचा स्वतःचा वाढदिवस होता, याच टेबलाशी सगळे बसले होते, बाहेर धुकं दाटलं होतं आणि बांधापलीकडून टपालवाल्याचं शिंग, धुक्यात वाट चुकली की वाजवतात ते, ऐकू येऊ लागलं. त्याने गाल फुगवून शिंगाचा आवाज काढून दाखवला. आणि म्हणाला, "मी म्हटलं, वाजवू दे. फांद्या उभ्या आहेत, येईल तो. आणि आला की! नऊ दिवसांनी."

हसले सगळे. अनीने उठून आमच्याकडे पाठ करून खिडकीशी उभी होती. मारेन कुणाच्या तरी कपात कॉफी ओतत होती, ती बशीत गेली, टेबलक्लॉथवर गेली, तरी ओतत राहिली.

त्यांनी ऐकलं होतं. हे मला ठाऊक नव्हतं. माझा भाऊ शिंग वाजवत होता आणि हे केक खात होते. मी तो तुकडा कापला, ताटलीत ठेवला, खाल्ला, छान झालाय म्हणाले.

घरी येऊन खिडकी उघडली आणि समुद्राकडे तोंड करून मोठ्याने म्हटलं: एस्किल, तू ये. एकेकाला घे. मी दार उघडं ठेवते. वेड्यासारखं वाटलं, पण हलकंही वाटलं. झोप उत्तम लागली.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

पलीकडे पिशवी घेताना अकरा पत्रांची सही केली. अनीनेच्या दुकानात उघडली तर बारा. बारावं भिजून जड झालेलं, कोपऱ्यात वाळू, तिकीट जुन्या राजाच्या तोंडाचं. पत्ता निळ्या पेन्सिलीने लिहिलेला: ओलुफ, चर्च, हाल्सो.

निळी पेन्सिल एस्किलच्या कानामागे असायची. पुसट पत्ते तो त्याच अक्षरांवर गिरवून ठळक करायचा. मला त्याचं बोलणं आठवलं: पत्ता वाचता येतो तोवर पत्र पोचवायचं, वाचता येत नसेल तर पाठवणाऱ्याकडे परत, आपल्या मनाने नाव घालायचं नाही. टपालात एवढंच पाप, म्हणायचा.

मला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. सणाच्या दिवशी पोस्टमन येतो तशी मी ओलुफच्या दारात गेले आणि पत्र त्याच्या हातात ठेवलं.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

ओलुफ गेला. काल सकाळच्या ओहोटीला काळ्या पाटाशी सापडला, फांदीला टेकून बसलेला, पायात घरातल्या सपाता. एक भरती त्याच्यावरून जाऊन आली होती. पलीकडून पोलीस आला, म्हातारा माणूस, भ्रम झाला असेल, म्हणाला.

बायका त्याचं घर आवरायला गेल्या तेव्हा मीही गेले. पत्र स्वयंपाकघरात टेबलावर होतं. एकच ओळ. निळी.

फांद्या उभ्या आहेत. या.

कोणाच्या नकळत मी ते एप्रनच्या खिशात घातलं. बाहेर त्याच्या उंबऱ्यापासून गवतात भोकं होती, फांदीएवढ्या जाडीची, अंतर वाटेवरच्या फांद्यांचंच. ओळीने बांधावर चढून पलीकडे उतरत होती. भोकांत पाणी होतं. बोट बुडवून चाखलं, खारट.

एस्किल आला आहे. बाळा, किती उशीर केलास.

रविवार, १९ ऑक्टोबर

लाउस्ट आज माझ्या ट्रॅक्टरच्या पायरीशी येऊन उभा राहिला. ड्रायव्हरीणबाई म्हणाला नाही. ओलुफला पत्र आलं होतं का, तिकीट कसलं होतं, हे विचारलं. मी सांगितलं. तो पायरीवरच बसला.

मग बोलला. त्या वर्षी आठ घरांच्या फांद्या सप्टेंबरातच लागल्या होत्या, त्याच्या आळसापायी नोव्हेंबर उजाडला. वाढदिवशी सकाळी त्याने पाटाकाठच्या जुन्या सगळ्या उपटल्या, म्हणजे काम पटकन उरकेल. नव्या रोवण्याआधी पाहुणे आले. कॉफी झाल्यावर लावू म्हणाला. धुकं आलं. शिंग वाजलं. आता सगळ्यांसमोर काय सांगायचं, म्हणून तो म्हणाला की फांद्या उभ्या आहेत. रात्र पडायच्या आत जाऊन लावूनही आला. ओलुफने वासाची गोष्ट रचली. टेबलाशी बसलेल्या बाकीच्यांनी दुसऱ्या दिवशी ओळखलं, आणि कोणी तोंड उघडलं नाही. त्यातले आता उरलेत तो, मारेन आणि अनीने.

"अनीनेसुद्धा?" मी विचारलं.

"टेबलाशी होती," तो म्हणाला. "एकोणीस वर्षांची. गप्प बसायला वय लागत नाही."

मी त्याला म्हटलं की हेच बेटाच्या सभेत सांग आणि फळीवर नाव घाल. त्याने मान हलवली. मेलेल्यासाठी आता ऐंशीव्या वर्षी अब्रू घालवू काय, म्हणाला.

एवढंच त्याने केलं असतं तर, देवाशपथ, मी एस्किलला परत जा म्हटलं असतं.

मंगळवार, २८ ऑक्टोबर

सात पत्रांची सही, पिशवीत आठ. लाउस्ट क्रो, हाल्सो. निळी पेन्सिल, ठळक, पाण्याचा एक थेंबही पत्त्यावर नाही.

स्वतः नेऊन दिलं. त्याने हात मागे घेतला, म्हणून मी त्याच्या सदऱ्याच्या खिशात घातलं आणि वरून थोपटलं. एस्किलची मी बहीण, हेही सांगितलं. त्याचा चेहरा बघायला तीस वर्षं थांबले असते तरी चाललं असतं.

बुधवार, २९ ऑक्टोबर

त्याच जागी. त्याच फांदीशी. दाराला आतून कडी होती, मारेन सांगते, ती तशीच होती आणि तो बाहेर होता.

उंबऱ्यापासून भोकं. खारं पाणी.

मी आज गाणं गुणगुणत वाळू ओलांडली. पर्यटकांनी टाळ्या वाजवल्या.

बुधवार, ५ नोव्हेंबर

तिसरं आलं.

पण याचा पत्ता धुऊन गेलाय. निळा डाग आहे नुसता. उन्हात धरलं, दिव्यावर धरलं, एक अक्षर लागत नाही. मारेन किंवा अनीने, दोघींपैकी एक. मारेन अठ्ठ्याहत्तरची, अर्धी मेलेलीच आहे. अनीनेने मला पहिल्या दिवशी पाव दिला. रोज हसून पिशवी उघडते. सत्तावीस वर्षं त्या दुकानात उभी राहून तिने त्याच लोकांना साखर तोलून दिली. लाउस्टचा राग आला नव्हता इतका मला हिचा येतो. माझ्याशी ती गोड वागली म्हणूनच येतो.

घरात निळी पेन्सिल आहे. मी एस्किलचं अक्षर काढू शकते, त्याला अक्षरं मीच गिरवायला शिकवली होती.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

लिहिलं. अनीने बूल, हाल्सो.

दुकानात कोणी नव्हतं. तिने पाकीट उलटसुलट केलं. विणकाम बाजूला ठेवलं. म्हणाली, "हे अक्षर तुझं आहे, गुनवोर."

मी रिकामी पिशवी गुंडाळत राहिले.

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, तू त्याची बहीण. हनुवटी तीच. म्हटलं, आपण होऊन बोलेल, तेव्हा सगळं सांगू." तिने पाकीट फोडलं, वाचलं. "मी उठले होते गं त्या दिवशी."

"मग परत बसलीस कशाला?" असं म्हणून मी निघून आले. दाराची घंटा माझ्यामागे बराच वेळ वाजत होती.

 

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

पाटाशी. आज मीच पाहिली आधी, ट्रॅक्टरवरून. तिला मीच डब्यात घातलं, खाली गोणपाट अंथरून. हातात सुया होत्या. लोकर पाण्यात लांबपर्यंत गेलेली, ओढता ओढता संपेना.

डोळे उघडे होते. ओलुफचे मिटलेले होते. लाउस्टचेही.

रविवार, ९ नोव्हेंबर

मारेनने बोलावलं. कॉफी नाही, केक नाही. समोर बसवलं आणि विचारलं की तिसरं पत्र कुठे आहे.

मी म्हटलं, ते अनीनेचं होतं.

"माझं होतं ते," मारेन म्हणाली. "मी रोज टपालाची वाट बघत होते. माझं मरण तू तिला नेऊन दिलंस."

मग तिने सगळं सांगितलं, आणि मला ऐकावं लागलं. शिंग वाजताच अनीने उठली होती. लाउस्टने आणि ओलुफने तिला दारात धरलं. ती हिसडा देऊन सुटली, कंदील घेऊन बांधापलीकडे गेली, पाण्यात कमरेपर्यंत उतरली, हाका मारल्या. तोवर शिंग थांबलं होतं. दुसऱ्या दिवशी ती पोलिसांना खरं सांगायला उभी राहिली, तर नऊ घरांनी सांगितलं की पोरगी त्या टपालवाल्यावर भाळली होती, म्हणून बरळते. भाळली होतीच, मारेन म्हणाली. लग्न ठरवलं होतं दोघांनी. दहा वर्षं या बेटावर तिला कोणी कॉफीला बोलावलं नाही. तरी ती गेली नाही. दर वर्षीच्या सभेत उठून म्हणायची, फळीवर एस्किलचं नाव घाला. दर वर्षी पाटाकाठच्या फांदीला लोकर बांधायची.

त्याने मला लिहिलं होतं, एकोणसाठच्या ऑक्टोबरात. ताई, ख्रिसमसला एकीला घरी आणतो, हिरवं काहीतरी विणून आणेल तुझ्यासाठी. मी विसरले होते. सूड तेवढा लक्षात ठेवला आणि हे विसरले.

सोमवार, १० नोव्हेंबर

पाच पत्रांची सही. सहा.

तेच पाकीट, अनीनेने फोडलेलं, पण पुन्हा चिकटलेलं. वर माझं अक्षर, अनीने बूल, त्यावर निळी रेघ ओढलेली. खाली एस्किलच्या हाताने — खऱ्या हाताने, मी ओळखते —

पत्ता चुकीचा. पाठवणाऱ्याकडे परत. गुनवोर टॉफ्ट.

फोडलं नाही. चुलीत घातलं. जळेना. ओलं आहे.

पत्र हाती पडल्यावर दुसरी भरती कोणी पाहिली नाही. लाउस्टची कडी आतून तशीच होती. म्हणजे घरात बसून उपयोग नाही. उद्या दुपारपर्यंत वाट बंद आहे, पाणी भरलंय. उद्याची ओहोटी दोनला. तोवर टिकले तर पलीकडे जाईन, एस्बियर्गला जाईन, समुद्र दिसणार नाही अशा गावाला जाईन.

एस्किल, मी तुझी बहीण आहे. तू मला —

मंगळवार, ११ नोव्हेंबर. सकाळ

टिकले. खुर्ची दाराला लावून बसले होते.

दार उघडलं तर भोकं नाहीत. फांद्या आहेत. उंबऱ्यापासून, दोन्ही बाजूंनी, काळ्या पडलेल्या, शिंपले चिकटलेल्या जुन्या फांद्या. लाउस्टने उपटल्या होत्या त्या.

पाकीट टेबलावर उघडं पडलंय. मी उघडलेलं नाही. ओळ तीच आहे.

अकरा तारीख. आज अनीनेला पुरतात. दोनला चर्च, तीनला कॉफी, मारेनच्या घरी. सगळं बेट असेल.

दुपार

ट्रॅक्टर फक्त घेतला, डबा सोडून दिला. दीडला निघाले. चर्चची घंटा मागे वाजत होती.

धुकं. कुठून आलं कळलं नाही, सकाळी ऊन होतं. दिवे लावले. फांदीपासून फांदी. मोजत होते. पाटाआधी एकशेबारा, मग वाट वळते, मला पाठ आहे. एकशेबारा झाल्या. पुढेही होत्या, सरळ. मग मी सरळच —

फांद्यांना हिरवी लोकर बांधली आहे. एका नाही. सगळ्यांना. नीट गाठी मारून, शेवटं कातरून, तिची पद्धत.

म्हणजे या फांद्या एस्किलने लावलेल्या नाहीत.

अडीच

पुढचं चाक खाली गेलंय. इंजिन बंद. पाणी पायरीला लागलं. भरती वळली.

छपरावर बसून लिहिते. काही दिसत नाही. किनारा कुठे, माहीत नाही. मागची फांदी होती ती आता नाही. पुढचीही —

कुठेतरी सुया वाजतात. दोन सुया एकमेकींवर. जवळच. घाई नाही तिला.

अनीने, मला माहीत नव्हतं. म्हणजे — विचारलं नाही मी. तू सांगत होतीस.

तीन

पाणी आसनावर आलं. हात खाली घालून भोंगा दाबते आहे. लांब, मग थांबून, मग लांब. भोंगा अजून चालतो. बांधापर्यंत पोचतोच आवाज, त्याचा पोचला होता.

तीन वाजले. म्हणजे बसले असतील सगळे. सात मऊ, सात कडक. कॉफी ओतली असेल. ऐकू येत असेलच त्यांना. कोणीतरी मान वर केली असेल. उठतोय कोणी. खुर्ची मागे सरकली असेल. आता मारेनकडे बघत असतील सगळे, घर तिचं आहे, ती काय म्हणते ते — आणि मारेन कप खाली ठेवून म्हणेल, बसा, फांद्या उभ्या —